निघतानाची हाक

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की नागपुरात एक सकाळ अशी येते, की आमच्या नंदनवनच्या गल्लीतला समोरचा खांबसुद्धा दिसत नाही. दूधवाल्याची गाडी आधी ऐकू येते, दूधवाला मागाहून दिसतो. त्या दिवशी मी पेटीतली स्वेटरं काढते. डांबराच्या गोळ्यांचा वास घरभर होतो, गॅसवर तुरीच्या शेंगा उकडत असतात, आणि मोबाईलला कसं कळतं कोण जाणे, त्याच आठवड्यात त्यावर यायला लागतं: हिवाळ्यात लहान मुलांना घेऊन कुठं जाल? बाळासोबतची पहिली सहल! फोटोत हसरी आई, हसरा बाप, कानटोपी घातलेलं गोबरं बाळ. मागे तलाव असतोच.

तलाव आला की मी अंगठ्याने फोटो वर सरकवते. पटकन.

खरं सांगायचं तर ‘फिरायला जाणं’ ही गोष्ट आमच्या घरात मी आणली. माझे बाबा खापरखेड्याच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे राखेच्या कामावर होते. लेकरं घेऊन आमचं जाणं व्हायचं ते लग्नाला, मयतीला, नाही तर दसऱ्याला दीक्षाभूमीवर. कॉलेजात गेलेली घरातली मी पहिली. बी.एस्सी. झाले, सदरला ऑफिसात लागले, आणि एका डिसेंबरात रजा टाकून, कुणाचं लग्न नसताना, कुणी मेलेलं नसताना, नुसतं पाणी बघायला तान्ह्या लेकराला घेऊन गेले. आमच्या माणसांत असं कुणी केलं नव्हतं. त्याचा मला अभिमान होता, अजून आहे, आणि तो लपवण्यासारखा आहे असं मला वाटत नाही.

सुगत तेव्हा नुकता बसायला लागला होता. माझी थोरली, मैत्री, चार वर्षांची. मी महिनाभर मोबाईलवर शोधत होते. पाळणा मिळेल का, दूध गरम करून मिळेल का, जवळ दवाखाना आहे का. पेंचकडच्या जंगलाला लागून, धरणाच्या पाण्याकाठी एक जागा सापडली. लेकुरवाळ्यांसाठी खास, असं लिहिलेलं होतं. निघायच्या दिवशी बाटल्या, बाटल्या उकळायचं भांडं, गरम पाण्याचा थर्मास, डायपरचा गठ्ठा, औषधाची पेटी, असं सगळं मी गाडीत लावत होते आणि सासूबाई पायरीवर उभ्या राहून बघत होत्या.

“लेकरू नेऊन राहिली का दवाखाना नेऊन राहिली वं?”

“आई, बाळाला घेऊन फिरायचं म्हणजे एवढं लागतंच.”

“हाव, लागते. आम्ही नाही फिरलो का लेकरं घेऊन? सहा-सहा महिने फिरलो. इटाभट्टीवर.”

माझा नवरा प्रफुल फस्सकन हसला. सासूबाई नाही हसल्या. त्या मौद्याकडच्या. दिवाळीनंतर त्यांचं सगळं घरदार विटाभट्टीच्या कामाला निघायचं, तान्ही लेकरं कडेवर, झोळ्या झाडाला. आज ज्याला आपण लेकरांसोबतचा प्रवास म्हणतो तो त्यांनीही केलाय, फक्त त्याचे फोटो नाहीत.

ती जागा चांगली होती. खोटं कशाला बोलू? घसरगुंडी होती, झोपाळे होते, सिमेंटचा रंगवलेला हत्ती होता, लेकरांच्या उंचीचं बेसिन होतं, जेवणघरात बाळाची उंच खुर्ची होती. आठवड्याच्या मधले दिवस, त्यामुळे दुसरं कुणीच आलेलं नव्हतं. इवल्या इवल्या खुर्च्या टेबलाभोवती मांडून ठेवलेल्या, आणि सगळ्या रिकाम्या.

“इथी लेकरायचं सगळंच आहे बाप्पा,” सासूबाई म्हणाल्या, “लेकरंच नाही.”

आणि समोर पाणी. धरण झालं तेव्हा तिथलं जंगल कुणी तोडलं नव्हतं, ते तसंच पाण्यात गेलं. झाडं मेली पण पडली नाहीत. काळी, बिनपानांची, कमरेइतक्या पाण्यात उभी. दुपारच्या उन्हात त्यांच्यावर पाणकावळे पंख वाळवत बसलेले दिसायचे. ऊन उतरलं की पक्षी उडून जायचे आणि झाडं तेवढी उरायची. पाहता पाहता वाटायचं, ही माणसं आहेत, काठावर यायला निघालीत आणि कुणी तरी बोलावेल म्हणून थांबलीत. मैत्रीने त्यांना हात हलवून टाटा केला. लहान मुलं कशालाही टाटा करतात. सुगत माझ्या मांडीवर होता, तो मात्र झाडांकडे बघत नव्हता. तो झोपाळ्यांकडे बघत होता, आणि त्याची मान हळूहळू इकडून तिकडे, तिकडून इकडे होत होती. झोपाळे जागच्या जागी उभे होते.

मला ते तेव्हा गोड वाटलं. मी त्याचा व्हिडिओ काढला.

निघायच्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की पाणी कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. प्रफुल डिकी लावत होता. मी मागच्या सीटवर वाकून सुगतला त्याच्या खुर्चीत बसवत होते, पट्टा अडकत नव्हता, म्हणून त्याची टोपी मी दातांत धरली होती. मैत्री बाजूला. सासूबाई खोलीच्या दारात उभ्या राहिल्या, आत तोंड करून.

हे त्यांचं नेहमीचं. रात्रीचा मुक्काम कुठंही झाला, की निघताना घरातली मोठी बाई दारात उभी राहते आणि एकेका लेकराला नावाने हाक मारते. लेकराने ओ द्यायची. ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीने आईने द्यायची. मग दार ओढायचं. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात अंगारे-धुपारे, उतारे काही नाही, आणि सासरीही नाही. पण ही पूजा नव्हती. ही हजेरी होती. हिवाळ्यात एक भट्टी सोडून दुसरीवर जाताना, अंधारात आणि धुक्यात, चार घरांची लेकरं एका ट्रकमध्ये भरताना कुणी मागे राहू नये म्हणून घेतलेली. मला ती आवडायचीच.

“मैत्रीऽ!”

“ओऽ!”

“सुगतऽ!”

मी टोपी तोंडातून काढेपर्यंत ओ आली. बारीक, स्वच्छ, थोडी लांबवलेली. सासूबाईंनी दार ओढलं, येऊन पुढे बसल्या, आणि आम्ही निघालो.

फाट्यावर चहाला थांबलो तेव्हा त्या मला म्हणाल्या, “तुले मोठ्यानं नाही देता येत का वं? लेकरावाणी ओ दिली.”

“मी कुठं दिली? मला वाटलं, यांनी दिली.”

“मी डिकी लावून राहिलो होतो,” प्रफुल म्हणाला. “मले वाटलं मैत्री.”

मैत्री काचेवरच्या वाफेवर बोटाने घर काढत होती. “मी माझी दिली,” ती म्हणाली. “सुगतची त्यानं दिली.”

“त्यानं म्हणजे सुगतनं?”

“नाही. त्यानं.”

प्रफुलला गंमत वाटली. “आई, तुह्या हजेरीत प्रॉक्सी लागली वाटते.” प्रॉक्सी म्हणजे काय ते सासूबाईंना मला सांगावं लागलं. वर्गात एक जण नसतो, दुसराच कुणी त्याची हजेरी देतो. माझ्या कॉलेजात रोज चालायचं. सांगता सांगता मी हसत होते. सासूबाईंनी हातातला चहा खाली ठेवला.

“गाडी फिरव,” त्या म्हणाल्या.

“काहून? लेकरू मागं बसलेलं आहे ना. पाय वळून.”

त्यांनी मागे वळून पाहिलं. मीही पाहिलं. सुगत जागा होता. खिडकीबाहेर, धुक्याकडे बघत होता. सासूबाई नुसत्या बघत राहिल्या, आणि मग समोर तोंड करून बसल्या. प्रफुलने गाडी नागपूरच्या वाटेला लावली.

बाळ म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी आता एवढंच सांगेन: हाक मारली की जे वळून पाहतं ते. दात नंतर येतात, पावलं नंतर. आधी ते आपल्या नावाला वळतं, आणि त्या वळण्यानेच आपण आई होतो. मी लहान असताना खापरखेड्याच्या कॉलनीत हिवाळ्याच्या संध्याकाळी धुकं आणि राख एकत्र उतरायची. वीज केंद्राच्या चिमण्या दिसायच्या नाहीत, वरचे लाल दिवे तेवढे हवेत लटकलेले. सगळ्या आया एकाच वेळी दारात येऊन हाका मारायच्या. करड्या हवेत दहा-बारा नावं एकमेकांत मिसळायची, तरी आम्ही प्रत्येक जण बरोबर आपल्याच दारात पोचायचो. पाय आपोआप वळायचे. आवाज ऐकून तर वळायचोच, पण मला वाटतं, आपल्याला त्या आवाजाने धरलेलं असायचं.

सुगत वळेनासा झाला. सहलीआधी मी स्वयंपाकघरातून नुसतं ‘सुग...’ म्हटलं तरी हा मान मोडेल इतक्या जोरात वळायचा. आता मी त्याच्या पाठीशी बसून हाका मारायची आणि तो समोरच्या वाटीशी खेळत राहायचा. वाटी पडली तर दचकायचा. कुकरची शिट्टी झाली की वळायचा. गल्लीतून भंगारवाला ओरडत गेला की खिडकीकडे बघायचा. फक्त नावाला नाही. आणि रडणं थांबलं. भूक लागली तरी नुसता पडून राहायचा, छताच्या कोपऱ्याकडे बघत, पाहुणा जसा यजमानाच्या घरी चहाची वाट बघतो तसा. शेजारणी म्हणायच्या, किती शांत लेकरू आहे वं तुमचं! मी हो म्हणायचे, आणि दार लावून त्याला परत हाक मारायचे.

डॉक्टरांकडे नेलं. कानांची तपासणी झाली, कान उत्तम. डॉक्टर म्हणाले, काही मुलांचं नावाकडे वळणं मागेपुढे होतं. हाका मारत राहा, खेळत खेळत, वेगवेगळ्या जागी. पुढच्या खेपेला परत पाहू. माझा डॉक्टरांवर विश्वास आहे. मी दिवसभर हाका मारायचे. गच्चीत, अंगणात, बाजारात. एक नाव इतक्या वेळा उच्चारलं की ते नाव राहत नाही, नुसता आवाज होतो. एकदा तर मला वाटलं, मी कुणाला बोलावतेय हेच मला नक्की माहीत नाही.

सासूबाईंनी मग देवाजीमामाची गोष्ट सांगितली. देवाजीमामा म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. आमच्या प्रत्येक कार्याला येतो, कोपऱ्यात बसतो, चांगला माणूस. त्याला हाक मारून उपयोग नाही, खांद्याला हात लावावा लागतो, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक. मी समजत होते, ऐकू कमी येत असेल.

“बहिरा नाही तो,” त्या म्हणाल्या. त्या शेंगा सोलत होत्या, वर बघत नव्हत्या. “दोन वर्साचा होता. हिवाळ्यातच एक भट्टी सोडून दुसरीवर चाललो, धुवारी अशीच दाट होती. माह्या मायनं हाका मारल्या. सगळ्यायनं ओ दिली. देवाजीची बी आली. ट्रक निघाला. ऊन निघाल्यावर पायतो तं देवाजी नाही. आम्ही ओ मोजली वं पल्लवी, लेकरं नाही मोजली.”

“मग?”

“मंग काय, बाप परत गेला. झोळीत निजून होता. उचलून आणला.”

“मग सापडला ना!”

“आणला ना, बाप्पा. पण बोलावून नाही आणला. उचलून आणला. तेव्हापासून असाच. हाक मारली तं पायते बी नाही. कोणाची तरी दुसऱ्याची हाक आहे असं करते.”

मी विज्ञान शिकलेली बाई. दोन वर्षांचं पोर थंडीत तासन् तास एकटं राहिलं, ताप डोक्यात गेला असेल, काहीही असेल, असं मी त्यांना म्हटलं. असेल, असं त्याही म्हणाल्या. पण त्या रविवारी मी सुगतकडे बघत होते आणि मला त्याच्या जागी साठ वर्षांचा, कोपऱ्यात बसलेला, खांद्याला हात लागायची वाट बघणारा माणूस दिसायला लागला. मी प्रफुलला म्हटलं, “गाडी काढ. डॉक्टर म्हणाले ना, वेगवेगळ्या जागी हाका मारा. ही एक जागा.”

प्रफुल किल्ली शोधायला गेला.

परत पोचलो तेव्हा धुकं उतरायला लागलं होतं आणि तेव्हाही तिथं दुसरं कुणी नव्हतं. तिथल्या माळ्याने खोली उघडून दिली, त्याला आम्ही काही तरी राहिलंय एवढंच सांगितलं. मी सुगतला खांद्यावर घेऊन अंगणात उभी राहिले. त्याचं तोंड माझ्या पाठीमागे, झोपाळ्यांकडे. जाता जाता माझी नजर गेली होती: झोपाळ्यांच्या सगळ्या पाट्यांवर दव साचलं होतं. एका पाटीवर नव्हतं.

सासूबाई दारात उभ्या राहिल्या.

“सुगतऽ!”

“ओऽ!” मी दिली. छाती भरून दिली. पाण्यावरून तो आवाज परत आला, थोडा बारीक होऊन. मेलेल्या झाडांवरचे पक्षी एकदम उठले. माझ्या खांद्यावर सुगत ताठ झाला, त्याने मान उचलली, आणि दोन्ही हात पुढे केले. कुणी तरी घ्यावं म्हणून लेकरू करतं ना, तसे. माझ्या मागे कुणी नव्हतं. प्रफुल गाडीपाशी होता, मैत्री त्याच्या बोटाला.

“मागं पाऊ नको,” सासूबाई म्हणाल्या.

मी नाही पाहिलं. सुगतचे हात थोडा वेळ तसेच राहिले, मग मिटले. आणि मला तो जड लागला. झोपलेलं लेकरू जड लागतं, पण हा झोपला नव्हता. त्याने मान फिरवून माझ्या तोंडाकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं. कपाळ, नाक, कुंकू नसलेली माझी भुवयांमधली जागा, ओठ. गावाकडून पहिल्यांदा आलेल्या मावशीकडे लेकरू बघतं तसं. मग त्याचा खालचा ओठ बाहेर आला आणि तो असा रडला, असा रडला, की माळी पळत आला. सासूबाईही रडत होत्या. मी त्याला गाडीत बसवलं तेव्हा त्या आधी गाडीपाशी आल्या, दोन्ही लेकरांच्या डोक्यांना हात लावला, आणि मग परत जाऊन दार ओढलं. वाटेत फाट्यावर मी हळूच म्हटलं, “सुगत.” तो वळला.

डॉक्टरांनी पुढच्या खेपेला पाहिलं, म्हणाले, बघा, मी म्हटलं होतं ना! हो, म्हटलं होतं. ऑफिसात ही गोष्ट निघाली की मीही तेच सांगते. पाण्यावरून आवाज फिरतो, चार वर्षांची पोर दोनदा ओ देते आणि विसरते, काही बाळं थोडी मागेपुढे होतात. हे सगळं मला पटतं. ज्या घरात पाटी नव्हती त्या घरातून मी प्रयोगशाळेपर्यंत गेले ते न पटण्यासाठी नाही.

पण एक विचार येतो, तो याच दिवसांत येतो. महिनाभर मी एक नाव सगळीकडे पसरत होते. ते ऐकणारं फक्त माझंच लेकरू असेल हे कशावरून? ज्याला कधी कुणी हाक मारली नाही असं कुणी तिथं, त्या रिकाम्या इवल्या खुर्च्यांत असेल, तर त्याला काय कळणार, की हे नाव आपलं नाही? रोज हाक मारली तर कुत्र्याचं पिल्लूही आपलं होतं. आणि मी तर आई होते, इतक्या काकुळतीने बोलावत होते.

सुगत आता के.जी.त जातो. दणकट पोर आहे, शाळेची तक्रार एकच, वर्गात बडबड करतो. नावाला लगेच वळतो. कधी कधी कुणी हाक मारलेली नसतानाही आतल्या खोलीतून ‘ओऽ’ म्हणतो. कोणी बोलावलं रे, म्हटलं तर ‘बोलावलं ना,’ म्हणतो आणि खेळायला लागतो. उन्हाळ्यात असं होत नाही. पावसाळ्यात नाही.

मागच्या रविवारची गोष्ट. दुपारी बारा-साडेबाराचं हिवाळी ऊन. सासूबाई आणि मैत्री वर गच्चीत चटई टाकून बसल्या होत्या. मी खाली जिन्याच्या पहिल्या पायरीवर संत्री सोलत होते, आणि सुगत माझ्या गुडघ्याला टेकून एकेक फोड तोंडात कोंबत होता. मैत्रीला फोडी न्यायला बोलवावं म्हणून मी हाक मारली. आणि लेकरांना हाक मारायची जिभेला सवय असते, एक नाव घेतलं की दुसरं आपोआप येतं.

“मैत्रीऽ! सुगतऽ!”

“ओऽ!” वरून मैत्री.

“ओऽ!” वरून.

बारीक, स्वच्छ, थोडी लांबवलेली. माझा हात सालीवर थांबला. वर सासूबाई काही तरी सांगत होत्या, त्या मध्येच गप्प झाल्या. गुडघ्याशी सुगतचे गाल फोडींनी फुगलेले होते, त्याला बोलणं शक्यच नव्हतं. त्याने वर जिन्याकडे पाहिलं, ना भीती, ना नवल. तोंडातलं गिळलं, आणि दुसरा हात माझ्यापुढे केला.

“त्याले पण दे ना, आई.”

मला विचारायचं होतं. कोणाला, असं विचारायला तोंड उघडलंही होतं. पण त्याचा तो पसरलेला तळवा इतका साधा होता, भावंडासाठी मागणाऱ्या कुठल्याही पोराचा असतो तसा. मी हातातलं संत्रं उघडलं, मोठ्यातली मोठी फोड निवडली, तिच्या बिया काढल्या, आणि त्यावर ठेवली.

तो पळत वर गेला. जिन्यावर पावलं वाजली. मी मोजली नाहीत.